दोनशे आठ खुणा

दोनशे आठ खुणांपैकी एक खोटी होती, आणि तक्ता आता डॉक्टरांच्या हातात होता.

एकशे चार दिवस. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. दिराने दिलेल्या मूळपेशी नवऱ्याच्या अंगात रुजल्या होत्या. या पाहुण्या पेशींनी घरच्यांशीच भांडण काढू नये म्हणून ही गोळी. तिने डोळ्यांत तेल घालून वेळा पाळल्या. गजर लावला, तक्ता आखला, गोळ्यांचा डबा कुणाच्या हाती दिला नाही. नवरा तिला ‘फौजदार’ म्हणायचा.

एका मंगळवारी संध्याकाळी ती पलंगावर जरा टेकली, ती थेट पहाटे उठली. गजर ऐकूच आला नव्हता. राहिलेली गोळी तिने बेसिनमध्ये सोडली आणि चौकटीत खूण केली. पंधरा दिवसांनी त्याच्या मानेत बोराएवढी गाठ हाताला लागली.

नवरा बाहेर वजनकाट्यावर उभा होता. तेवढ्यात ती म्हणाली, “डॉक्टर, एक खूण खोटी आहे. गाठ माझ्यामुळे आली.”

डॉक्टरांनी गाठीचा अहवाल बाजूला ठेवला. “एक गोळी चुकल्यानं ही गाठ येत नाही. उलट, गोळ्यांनी काम चोख केलं. राखणदार पेशी झोपल्या, अंगात दबून असलेला विषाणू मोकाट सुटला, आणि त्याच्यामुळे काही पेशी बेसुमार वाढल्या. आता राखणदारांना उठवायचं. आज संध्याकाळची गोळी देऊ नका. उद्यापासून निम्मी, आणि सलाईनमधून एक औषध.”

“बरे होतील ना?”

“वेळेत सापडलंय. पण खोटी खूण पुन्हा नको. मी तक्ता बघून औषध ठरवते.”

संध्याकाळी आठला गजर वाजला. नवऱ्याने सवयीने तळहात पुढे केला. तिने गजर बंद केला.

“आज सुट्टी,” ती म्हणाली. मग थांबून, “अहो, त्या मंगळवारी मला हा ऐकूच आला नव्हता. तुमची गोळी चुकली. मी खोटी खूण केली.”

“ऐकू कसा येणार? मीच बंद केला होता. महिन्याभरात पहिल्यांदा घोरत होतीस.”

“आणि गोळी? ती तरी घ्यायची!”

“डबा तुझ्या मुठीत होता, फौजदार. सोडवायला गेलो असतो, तर जागी झाली असतीस.”