पट्ट्याचं माप

"पत्र्याची नको," आत्माराम म्हणाला. "आत कॅमेरा खडखडेल."

धर्माजीने पत्र्याची पेटी मागे सरकवली. बोईसर स्टेशनाबाहेर त्याचं पेट्या-बॅगांचं दुकान होतं. समोर आत्माराम फोटोवाला आणि त्याची बायको मंदा बसली होती. दोघांच्या मध्ये चादरीत गुंडाळलेला कॅमेरा, तिपाईवर उभा करून काळ्या कपड्यात डोकं घालून फोटो काढतात तसला, अवजड. लग्नसराई तोंडावर आली होती आणि दोघांचं पोट त्या एका कॅमेऱ्यावर होतं.

वेताची पेटी मंदाने नाकारली, तिच्यातून धूळ आत जाते म्हणून. चामड्याची आत्मारामने अंगठ्याने दाबून पाहिली, ती दबली. शेवटी नवी करायची ठरली. बाहेरून लाकडी फळी, वर रेक्झिन, आत जाड लोकरी बनातीचं अस्तर आणि कोपऱ्यांना कापसाच्या गाद्या. इथपर्यंत धर्माजी खुशीत होता.

"उंचावरून पडली तर?" आत्मारामने विचारलं.

"पडेल कशाला?"

"मी धांदरट हाय, दादा," मंदा घाईघाईने म्हणाली. "माझ्या हातून पडतात वस्तू."

आत्मारामने मान खाली घातली. मग तशाच खालच्या मानेने म्हणाला, "आणि पट्टा हिच्या मापाचा करा. रुंद करा, खांद्याला काचता नये. पेटी हीच उचलते."

इथे धर्माजीचं डोकं फिरलं. माणूस तसा मनाचा मोठा, पण दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसायची भारी हौस. त्यात हे त्याचं जुनं दुखणं. पाम गावाहून त्याची आई वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला यायची आणि बाप काखेत छत्री मारून पुढे चालायचा. "बैल रिकामा नि गाय गाड्याला," असं म्हणून एकदा बाजारातल्या बायका फिदीफिदी हसल्या होत्या. लहानग्या धर्माजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आईची पाटी आपण एकदाही उतरवून घेतली नाही, याची लाज त्याला केस पिकायला लागले तरी सोडत नव्हती.

"शेठ, तुमी धडधाकट दिसता," तो म्हणाला. "हातांना काय मेंदी लावलीय?"

मंदाने पदर सारखा केला आणि ती कॅमेऱ्यावरची चादर उगाचच नीट करत बसली.

धर्माजीने दोरी घेऊन मंदाच्या खांद्याचं माप घेतलं, पण ते नुसतं दाखवायला. ती दोघं वळताच त्याने ती दोरी भिरकावली आणि आत्मारामच्या ताडमाड उंचीच्या अंदाजाने पट्टा कापला. लहानमोठा करता येऊ नये म्हणून बक्कलही लावलं नाही. दोन्ही टोकांना रिबिटा ठोकून टाकल्या. बघू, कोण उचलतं ते!

पेटी न्यायला दोघं आली तेव्हा दुकानात चार माणसं बसलेली होती. मंदाने पेटी खांद्याला लावली, तर ती तिच्या गुडघ्यांवर आदळायला लागली.

"दादा, हा लांब झाला."

"लांब कशाला? मर्दाच्या मापाचा हाय," धर्माजी चौघांकडे बघत म्हणाला. "आता शेठला लाज असंल तर शेठ उचलतील, नायतर वयनींनी डोक्यावर घ्यावी. काय शेठ?"

माणसं खो-खो हसली. आत्मारामचे कान लाल झाले.

"द्या इकडे," मंदा म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "मी घेते डोक्यावर. तुमी नका घेऊ."

"राहू दे," आत्माराम म्हणाला. त्याने पट्टा खांद्यावर घेतला, पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि कोणाकडेही न बघता तो रस्त्याला लागला. मंदा जवळजवळ पळतच त्याच्या मागे गेली.

त्या दिवशी धर्माजी चार घास जास्त जेवला. आईची पाटी अखेर आज उतरवली, असं त्याला वाटलं. पुढे लग्नसराईत रस्त्यावर ती दोघं त्याला दिसायची. पेटी नवऱ्याच्या खांद्यावर, बायको मोकळी. धर्माजी शेजारच्या दुकानदाराला कोपराने ढोसून दाखवायचा, "बघ, सरळ केला का नाय!"

लग्नसराई संपता संपता मंदा एकटीच दुकानात आली. पेटी तिने दोन्ही हातांत उचलून आणली होती. धर्माजीने आधी पेटीच पाहिली. रेक्झिन एका बाजूला खरवडलं होतं, पण फळी शाबूत होती. आतला कॅमेरा जसाच्या तसा होता.

"पट्टा आखूड करायचाय, दादा. माझ्या मापाचा."

"का? शेठचा खांदा दुखला?" धर्माजी हसला. "मी नाय करणार. उचलू दे त्यालाच! आणि पाठव त्याला इकडे, मी बोलतो."

"त्यांनीच उचलली," मंदा म्हणाली. "रोज म्हणायची, द्या मला. तर बोलायचे, लोक हसतात. उमरोळीला लग्नाला चाललेलो. स्टेशनाच्या उतरणीवर पडले, डोकं दगडावर आपटला. महिना झाला त्यांना जाऊन."

धर्माजीने आता कुठे तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

"त्यांना फिटा यायच्या, दादा, लहानपणापासून. फिटवाल्याला लग्नात कोण बोलावणार, म्हणून आमी कोणाला सांगितला नाय. फिट येताना त्यांना आधी कळायचा. डॉक्टर बोललेला, हात मोकळे ठेवा, काय तरी धरून खाली बसता येईल."