पूनमसिंग मास्टर होईपर्यंत

"म्हंजे आखीन दोन वर्सं?" बैलांपुढे पेंड टाकता टाकता धावजीनं विचारलं.

"हो व्याही. इंजिनीअर झाला, पन आता त्याले मास्टर डिग्री पायजे. धातूची. लगन त्याच्यानंतर, म्हन्ते." अमरसिंग खाली मान घालून बोलत होता. पुतण्या पूनमसिंग बनारसला शिकत होता, आणि त्याचे असले निरोप मारेगावजवळच्या या तांड्यात पोचवायचं काम काकाच्या कपाळी आलं होतं.

धावजीची लेक नंदा लहान होती तेव्हाच तिचं लग्न पूनमसिंगशी ठरवून दोन्ही तांड्यांच्या नायकांसमोर गूळ खाल्ला गेला होता. गूळ खाल्ला की बंजाऱ्याचा शब्द फिरत नाही. पोराला मात्र लोखंडानं झपाटलं होतं. "लोखंड शिकाले येवढे वर्सं?" तांड्यातले लोक टवाळी करत. "का आगगाडीच पोटातून काढते?"

पाण्याचा लोटा घेऊन आलेल्या नंदानं सगळं ऐकलं. "शिकू दे ना, बा," ती म्हणाली. "शिकनाऱ्याले कायले अडवतं?"

ती आत गेली. थोड्या वेळानं जात्याची घरघर आणि तिचं गाणं ऐकू आलं. धावजीचं काळीज तुटलं. पोर शहाणी, रडायचं तिथं गात होती.

खरं सांगायचं तर लग्न लांबल्याचं त्याला स्वतःला आतून बरंच वाटलं होतं, आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती. बायको सुखीबाई वारल्यापासून घरात बापलेक दोघंच. शेतातून यायला उशीर झाला की नंदा त्याच्यावर आईसारखी डाफरायची, आणि मग ऊन ऊन भाकर वाढायची. ती गेली की घर खायला उठणार होतं. पण लेक म्हणजे परक्याचं धन. तिच्या बरोबरीच्या पोरींच्या कडेवर लेकरं आली होती. आपल्या भाकरीसाठी लेकीला घरी बसवून म्हातारी करणारा बाप कसला?

अमरसिंग बाजाराला आला की नंदा रामराम करायच्या आधी विचारायची, "काका, परीक्षा कवा हाय?" धावजी तेवढ्यापुरता दुसरीकडे बघायचा. पोरीनं किती जीव लावलाय, असं त्याच्या मनात यायचं.

एकदा अमरसिंग आला तो तोंड पाडूनच. "कालेजातली भट्टी फुटली. पोराचं सारं काम वाया गेलं. आता पयल्यापासून!"

त्या दिवशी नंदानं तूप-गूळ घालून चुरमा केला. काकाला हाताला धरून जेवायला बसवलं, वर आग्रह करकरून वाढलं. आलेल्या माणसाला आपलं दुःख दिसू नये म्हणून ती हे करते आहे, हे धावजीला कळत होतं.

शेवटी मास्टर डिग्री झाली. पूनमसिंग पास झाल्याचं सांगायला अमरसिंग आला तेव्हा नंदा नाल्यावर धुणं धूत होती.

"पन व्याही," अमरसिंग चाचरत म्हणाला, "त्याचे साहेब म्हन्तात, जर्मनीले जा, आखीन शीक. पोराचाही लय जीव हाय. चार वर्सं लागतीन. तुमी हो म्हनलं तर..."

"नाही." धावजी आयुष्यात पहिल्यांदा व्याह्यावर कडाडला. "गूळ खाल्ला हाय ना? मंग लगन करा. माह्या पोरीचे हाल मले पाह्यवत नाही."

पूनमसिंगनं गुळाचा मान राखला. जर्मनीला नकार कळवला आणि भिलाईच्या पोलादाच्या कारखान्यात नोकरी धरली. लग्नाची तारीख निघाली.

नंदा ढावलो शिकायला म्हाताऱ्या जमनाबाईकडे जाऊ लागली. बंजाऱ्यांची नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, ते गाणं म्हणजे ढावलो. ते रडणंही आधी शिकावं लागतं. काही पोरींच्या डोळ्यांतून टिपूस निघत नाही, मग जमनाबाई चिमटे काढते. नंदाला चिमट्याची गरजच पडली नाही. पहिल्या ओळीलाच ती अशी रडली, की बायका थक्क झाल्या. "रडावं तर नंदीनं!" जमनाबाई तांडाभर सांगत सुटली. धावजीची छाती अभिमानानं फुगली. पोरीच्या मनासारखं झालं, आता आपलं काय व्हायचं ते होवो, असं त्यानं स्वतःला समजावलं.

पाठवणीच्या दिवशी नंदा मैत्रिणींच्या गळ्यात पडली, जमनाबाईच्या पडली, गोठ्यातल्या बैलांच्याही पडली. सगळ्यात शेवटी ती बापाकडे आली. दोन्ही हातांनी त्याला घट्ट धरून तिनं सूर लावला. भोवती बायका डोळे पुसत होत्या, पूनमसिंग दूर गाडीजवळ मान खाली घालून उभा होता. ढावलोच्या दोन ओळींमध्ये ती थांबली, आणि बापाच्या कानाशी तोंड नेऊन तिनं हळूच विचारलं,

"बा, मास्टरच्या पुढं काहीच शिक्षन नसते का?"