कानाचं मशीन

वैजयंतीने मोबाइल तोंडासमोर धरला. टेक्सासच्या शाळेत तिचा पहिला तास सुरू व्हायला पाच मिनिटं होती आणि पडद्यावर कऱ्हाडच्या घरातली आई हसत होती.

शिक्षकांच्या देवाणघेवाणीच्या व्हिसासाठी एजन्सीची फी भरायची होती, तेव्हा आईने कानाच्या मशीनसाठी साठवलेले पैसे पुढे केले होते. “घे गं. मला मेलीला आता काय ऐकायचंय?” वैजयंतीने एकदाही ‘नको’ म्हटलं नव्हतं.

“आई, पहिल्या पगारात मशीन घेणार होते. पण भाडं, विमा, एजन्सीचे हप्ते... हातात काही उरतच नाही गं. चुकलंच माझं. ऐकू येतंय ना?”

“येतंय की! अगदी शेजारी बसल्यासारखं,” आई मान डोलावत म्हणाली. “मशीनबिशीन काही नको मला.”

वैजयंतीला हायसं वाटलं. फोन ठेवायला तिने बोट पुढे केलं, तर माइकच्या चिन्हावर तांबडी रेघ होती. फोन लागताना शाळेची घंटा वाजत होती, म्हणून तिनेच माइक बंद केला होता.

पलीकडे आई अजूनही तिच्या ओठांकडे बघत “हो, हो” म्हणत होती.