शांततेतला दोष

“यंत्रं ठणठणीत आहेत, ताई. दोष तुमच्या शांततेत आहे.”

नव्या संस्थेचा ध्वनिवाला असं म्हणाला आणि कात्रीबाई दारातच थबकल्या. पदरमोड करून छोटे सिनेमे काढणारी मंडळी वर्षानुवर्षं बाईंच्या या जुन्या संस्थेत येत. त्यांनी टिपून आणलेलं सगळं बाई कापायच्या, जोडायच्या, म्हणून हे नाव पडलेलं. कॅमेरा, माइक, बसायला खोली आणि पाठीवर एक हात, एवढंच संस्था द्यायची. आता विश्वस्त थकले होते. आज हे सगळं काम एका मोठ्या संस्थेच्या पदरात टाकायचं होतं. खाली टेम्पोत खोकी चढत होती. एक दिग्दर्शिका हमालांवर ओरडत होती, “अहो, हळू! माहेर तर उठलंच, निदान भांडी तरी धड सासरी पोचू द्या!” खाली हशा पिकला. वर खोलीत कोणी हसलं नाही.

“ऐका,” ध्वनिवाला म्हणाला. त्याने होडी बांधणाऱ्या म्हाताऱ्याचा सिनेमा लावला. म्हातारा बोलायचा थांबतो, ती जागा गाठली. आवाज वाढवला. शांततेच्या तळाशी कोणीतरी श्वास घेतला. सोडताना बारीक शीळ वाजली.

मग त्याने मुक्या मुलींच्या शाळेचा सिनेमा लावला. तोच श्वास. तुरुंगातल्या शिंप्याचा लावला. तोच.

“भूत बसल्यासारखा सगळीकडे बसलाय. मी काढून टाकतो, क्षणाचं काम आहे. साफ केल्याशिवाय आमच्याकडे सिनेमा कपाटात जात नाही.”

“हात लावू नका!” कात्रीबाई ओरडल्या. मग आवाज खाली आला. “ते... आमचे हे आहेत.”

सिनेमातली शांतता म्हणजे नुसता आवाज नसणं नव्हे. दर जागेची शांतता निराळी. ती वेगळी टिपून आणायची आणि बोलण्याच्या फटींत भरायची, नाहीतर तिथे खड्डा पडतो. नवखे लोक ती आणायला हमखास विसरतात. बाईंचे यजमान संस्थेचे ध्वनिवाले होते. सगळे त्यांना ‘कान’ म्हणत. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचे आवाज गोळा केले, स्वतःचा एक शब्द कुठे ठेवला नाही. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ते या खोलीत आले. बाईंना दाराशी उभं केलं, बोट ओठांवर ठेवलं आणि खोलीची शांतता टिपली. दवाखान्यातून ते परतले नाहीत.

माणूस गेल्यावर काय उरतं? चपला उरतात. उशीवरचा खळगा काही दिवस उरतो. श्वास कोणाचा उरलाय? पण देवाच्या मनात आलं तर तोही उरतो. बाईंनी ती शांतता ऐकली आणि तिच्यात त्यांना श्वास सापडला. मग जो कोणी शांतता आणायला विसरला, त्याच्या सिनेमात त्या हीच भरत गेल्या. सिनेमा गावोगाव जाईल, लोक अंधारात बसतील, आणि त्यांच्यात बसून हेही श्वास घेतील. एवढाच त्यांचा लोभ.

“काम खोटं केलं मी, कळतं मला,” त्या म्हणाल्या. “पण पुसू नका. माझ्याजवळ त्यांचं तेवढंच आहे.”

ध्वनिवाल्याने वर पंख्याकडे पाहिलं. “कदाचित पंख्याची शीळ असेल, ताई. खात्री तरी करू. ते कुठे उभे होते?”

“त्या खिडकीपाशी. मी इथेच.”

त्याने पंखा बंद केला. लांब दांडीवरचा माइक घेऊन खिडकीपाशी गेला, माइक खोलीच्या मधोमध धरला आणि बोट ओठांवर ठेवलं. तेच बोट, तीच खिडकी. खालचा टेम्पोही नेमका तेव्हाच गप्प झाला. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याची छाती हलत नव्हती. मानेची शीर तट्ट फुगली होती. अखेर हात खाली आला आणि विहिरीतून वर आल्यासारखा त्याने मोठ्याने श्वास ओढला.

“अहो, श्वास कशाला कोंडायचा? जीव जाईल एखाद्या वेळी!”

“माइक धरणाऱ्याने श्वास घ्यायचाच नसतो, ताई. आमचा पहिला धडा. नाहीतर सगळ्यात जवळून आमचाच...”

तो बोलता बोलता थांबला.

त्याने आत्ताची शांतता लावली. दूरवर एक श्वास. शेवटी बारीक शीळ. मग जुनी लावली. तोच श्वास, तीच शीळ, पण अगदी कानाशी.

“आज मी माइक मधोमध धरला, म्हणून तुम्ही लांब ऐकू येताय,” तो हळूच म्हणाला. “त्यांनी तो सरळ तुमच्याकडे धरला होता. खोलीची शांतता घेणारा माणूस माइक असा धरत नाही, ताई.”

बाईंनी दाराची चौकट धरली. इतकी वर्षं ज्याच्याशी मनातल्या मनात बोलल्या, ज्याला हाताला धरून गावोगाव पाठवलं, तो श्वास त्यांचा स्वतःचाच होता.

“म्हणजे त्यात ते नाहीतच,” त्या म्हणाल्या. “कुठेच नाहीत.”

ध्वनिवाल्याचं बोट पुसायच्या बटणाकडे गेलं होतं, ते त्याने मागे घेतलं.

“आहेत की, ताई. ते ऐकताहेत.”