दीड अंश

त्या हंगामात मोरजीच्या किनाऱ्यावर कासवांची सहा घरटी होती. चाळीस सेंटिमीटर खोलीवर पाच घरट्यांचे तापमान साडेतीस अंश होते. चौथ्याचे एकोणतीस होते. वाळू तीच, उतार तोच, भरतीच्या रेषेपासूनचे अंतरही तेवढेच.

अविनाश परुळेकरने आधी तापमापकावर संशय घेतला. चौथ्याचा पाचव्यात आणि पाचव्याचा चौथ्यात घालून पाहिला. चौथे घरटे थंडच राहिले. उपकरण निर्दोष ठरल्यावर उरली माणसे. उकरून पुन्हा बुजवलेली वाळू ओली असते आणि म्हणून थंड असते. त्या सकाळी त्याने नोंदवहीत पेन्सिलीने लिहिले : चोरीचा संशय. मग राखणदार शंभूला विचारले.

"चोर सोदूंक कित्याक जाय, सायबा?" शंभू म्हणाला. "मी जेवूंक गेलों काय ती पिएदाद थंय येवन बसता. पयलीं टोपली भरून तांतयां म्हापशाक व्हरताली."

"तू नेत नव्हतास अंडी?"

"व्हरतालों म्हणून तर तिका वळखतां."

दुपारी अडीचला अविनाश किनाऱ्यावर उतरला. घरट्याभोवतीच्या जाळीबाहेर पिएदाद बसली होती. तोंड समुद्राकडे, पाठ घरट्याकडे, खांद्यावर मोठी काळी छत्री, शेजारी कापडी पिशवी.

"माय, पिशवीत काय आहे?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिले आणि पिशवी वाळूवर उपडी केली. अर्धा पाव, पाण्याची बाटली, रोझरीची माळ.

"तांतयां ना," ती म्हणाली. "म्हज्या तोंडांत पळय, थंय आसलीं जाल्यार."

"मग रोज इथेच का बसता?"

"म्हजो पूत कायतान हांगसून दर्यांत गेलो. गेल्या आगोस्तांत. होडी परत आयली, तो आयलो ना." तिने पाव पदराने झटकला. "पाद्री म्हणटा, तो देवागेर जितो आसा. हांव खरें मानतां, पूण न्हीद पडनाशिल्ली. मागीर त्याच जाग्यार, फांतोडेर, उजवाडचे आदीं, म्हज्या मुखार कांसव वयर आयलें. त्या राती न्हिदलें."

तिने अविनाशकडे बोट दाखवले.

"आनी तुवेंच सांगलां न्हय, इगर्जीच्या सभेंत? हांगा जल्मता तें हांगाच परत येता."

हे त्याने सांगितले होते. डिसेंबरात, चर्चच्या सभागृहात, चित्रे दाखवताना. लोकांना सोपे जावे म्हणून वाक्य लहान केले होते.

त्याने मान वळवली. सूर्य पश्चिमेकडे कलला होता. छत्रीची सावली जाळी ओलांडून घरट्यावर पडली होती आणि तिने ते जवळजवळ पुरते झाकले होते.

"कधीपासून बसता?"

"कांसव आयलें त्या दिसापासून. दनपारच्या घांटेपासून सांजेच्या घांटेमेरेन."

म्हणजे रोज सहा तास. आज एकतिसावा दिवस. चोरी झालेली नव्हती. तो इथेच थांबू शकला असता, पुढचे त्याला कोणी विचारले नव्हते. पण सभागृहातले ते अर्धे वाक्य त्याचे होते, आणि ही बाई महिनाभर त्या वाक्याच्या आधारावर बसली होती.

"माय, मी त्या दिवशी अर्धेच सांगितले. परत येतात त्या माद्या, अंडी घालायला. नर एकदा पाण्यात गेला की पुन्हा वाळूवर येत नाही."

"केन्नाच ना?"

"कधीच नाही. आणि वाळू थंड राहिली तर नर होतात. तुमच्या छत्रीमुळे ही थंड राहिली. या घरट्यातून बहुतेक नरच निघतील."

आता संशयाने पाहण्याची पाळी तिची होती.

"हें पुराय सांगलां? का आतांय अर्देंच?"

"पूर्ण सांगितले."

तिने पाव पिशवीत ठेवला, बाटली ठेवली. माळ हातातच राहिली. एक लाट येऊन गेली, दुसरी आली.

"वाळवेर येना," ती म्हणाली. "पूण दर्यांत जितो आसता न्हय?"

"असतो. कित्येक वर्षे."

"हांगच्या कोणाक दिसना?"

"नाही."

"आनी तरीय आसा."

हा प्रश्न नव्हता. अविनाशने ते वाक्य मनात दोनदा तपासले. त्याला त्यात चूक सापडली नाही.

पिएदादने कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटे लावून खुरीस काढला. मग वर छत्रीकडे पाहिले.

"ही काडूं?"

"आता काढून उपयोग नाही. ठरायचे ते बहुतेक ठरून गेले आहे."

"तर आसूं दी," ती घरट्याकडे हात करून म्हणाली. "भुरग्यांक ऊन लागता."

तिने पुन्हा समुद्राकडे तोंड केले आणि माळेचा पहिला मणी धरला. अविनाश थोडा बाजूला जाऊन वाळूवर बसला. त्याने नोंदवही उघडली, सकाळची पेन्सिलीची ओळ खोडली आणि त्याच रकान्यात शाईने लिहिले :

घरटे क्रमांक चार. तापमान एकोणतीस अंश. फरकाचे कारण : सावली.