मागच्या खुर्चीतली मुलगी

प्रत्येक लढाईनंतर पडद्यावरच्या त्या मुलीची नखं थोडी अधिक निळी दिसत होती. अजस्र यंत्रमानव चालवायला जोडी लागे. मुलगा पुढे बसून लढायचा, ती मागे बसून त्याला स्वतःचा श्वास पुरवायची. तो कधीच वळून पाहत नव्हता.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शाल्मलीने मालिका थांबवून निषादला ती नखं दाखवली. "हिला प्राणवायू कमी पडतोय." दोघं मिळून ॲनिमे, म्हणजे जपानी चित्रमालिकांची परीक्षणं करत. लिहायची ती, माइकवर बोलायचा तो. पुढच्या महिन्यात त्यांचं लग्न होतं.

"रंगवणाऱ्याची चूक असेल गं," तो हसला. "डोक्यातून ती प्रयोगशाळा काढ आता. लग्नानंतर सोडतेच आहेस ना?"

"सोडते असं मी कधी म्हटलं?"

"सोडणार नाही असं तरी कुठे म्हणालीस?" त्याने मालिका पुढे चालू केली आणि माइकही. "नमस्कार मंडळी. काय जोडी आहे ही, अगदी आमच्यासारखी."

पडद्यावर मुलगा पुन्हा लढायला निघाला. मागच्या खुर्चीत मुलीचे ओठही आता निळे पडले होते.

शाल्मलीने माइक स्वतःकडे ओढला आणि कित्येक महिने गिळलेलं वाक्य बोलून टाकलं.

"निषाद, मी हे लग्न करणार नाही."