पुढचं पान

सुई टोचून घेताना माणिकरावांनी सिस्टरला सांगून टाकलं की ही शेवटची. दोन वर्षं झाली, मुलाच्या रजा संपल्या, शुक्रवारपासून ते येणार नव्हते.

शेजारच्या खाटेवर दीपमालानं ते ऐकलं. ती इंद्रवेल्लीच्या शाळेत शिक्षिका. आठवड्यातून तीनदा पहिल्या बसनं आदिलाबादला डायलिसिससाठी यायची. डावा हात यंत्राला जोडला की उजव्या हातानं एक मोठं पुस्तक पोटावर उभं धरायची. फ्रान्समधल्या जुन्या चित्रकारांनी उघड्यावर बसून रंगवलेली तळी, झाडं, धुकं. त्यात एकदा शिरलं की नळीतलं रक्त दिसत नसे, यंत्राची टीं-टीं ऐकू येत नसे.

"रोज काय पाहून राह्यल्या बाई?" माणिकरावांनी विचारलं.

तिनं पुस्तक त्यांच्याकडे वळवलं. जवळून नुसते रंगाचे फटकारे दिसतात, म्हणून मला डोळे बारीक करावे लागतात, असंही सांगितलं. माणिकराव पाच-सहा फुटांवर होते. त्यांनी उशीवरून मान उचलून चित्रातलं तळं पाहिलं.

"पानी हालून राह्यलं ना वो," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी पुढचं पान दाखवायला सांगितलं.

दीपमालाचं बोट पानाखाली गेलंच होतं. तिनं ते काढलं आणि पुस्तक मिटलं.

"पुढचं शुक्रवारी, काका."

"मी नाही येनार शुक्रवारी."

"मंग ते पाहाचं राहून जाईल."

तिनं पुस्तक उशीखाली सरकवलं. अजून अडीच तास बाकी होते. हात ठणकत होता, पायात गोळे येत होते. तिनं पुस्तक काढलं नाही. छताकडे पाहत पडून राहिली.

शुक्रवारी ती आली तेव्हा शेजारची खाट रिकामी होती. तिचं यंत्र सुरू झालं. सिस्टरनं दोनदा दाराकडे पाहिलं. अर्ध्या तासानं माणिकराव मुलाच्या खांद्याला धरून आत आले. खाटेवर चढले आणि सुईसाठी हात पुढे केला.

दीपमालानं पान उघडून त्यांच्याकडे धरलं. नदीकाठची उंच झाडं, कलतं ऊन. ते पाहत राहिले. तिला इतका आनंद झाला की आपणहून तिनं पुढचं पान उलटायला घेतलं.

माणिकरावांनी मोकळा हात वर केला.

"आज एकच," ते म्हणाले. "बाकीची राहू द्या."